दाराचा सिनेमा

४ मार्च

तिसरी गोष्ट काही केल्या सुचत नाही.

पहिल्या दोन झाल्या. पहिलीत शहर तुडवणाऱ्या यंत्रमानवाच्या सिनेमांची टर. आमच्याकडे तो एक राक्षसी वॉशिंग मशीन आहे आणि त्याला फक्त डाव्या पायाचे मोजे हवेत. दुसरीत तळ्यातला तो खवल्यांचा प्राणी. आमचा बिल्डिंगच्या टाकीत राहायला येतो आणि बिल्डिंगच्या सभेत बिनविरोध निवडून येतो. चष्मेवाली, म्हणजे आमच्या लेखकांच्या खोलीतली सगळ्यात नवी, हसून हसून टेबलावर आडवी झाली. चला, दोन तरी जमल्या.

एरवी आमचं कार्टून म्हणजे एक साधं घर, त्यांची भांडणं, त्यांचा गळका नळ. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या अखेरीला, हा तीन गोष्टींचा भाग. कागदावर 'हॅलोविन विशेष'. आम्ही नुसतं 'भुतं' म्हणतो. भुतांत वाट्टेल त्याला मारायची मुभा. पुढच्या आठवड्यात सगळे जिवंत! कसे, ते कुणी विचारत नाही.

माझी ताई कार्टूनमधल्या बटणाला आवाज देते. आज फोनवर तो फाटका वाटला. म्हणाली, 'बटण वयात येतोय.'

७ मार्च

ताईबरोबर डॉक्टरांकडे गेलो. भाची होतीच. बापासारखी उंच, आईसारखी तोंडाळ.

डॉक्टरांनी विचारलं, काय करता आपण? ताई म्हणाली, 'मी दहा वर्षांचा मुलगा असते.' डॉक्टर बघतच राहिले. मग तिनं बटणाच्या आवाजात 'जीभ बाहेर काढू का?' म्हटलं, आणि आतून नर्स धावत आली. घरी तिची पोरं ही मालिका लागली की जेवायची थांबतात म्हणे. थोडा वेळ सगळेच हसत होतो.

मग घशातल्या गाठीचं सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल. सगळंच. लवकर केलं तर ती पुष्कळ जगेल. आवाज मात्र राहणार नाही.

ताई म्हणाली, 'भुतं झाली की करू.'

'कसली भुतं?' डॉक्टर.

या वेळी कुणी हसलं नाही.

८ मार्च

बटण म्हणजे कार्टूनमधल्या घरातला धाकटा. मालिका सुरू झाली तेव्हा दहा वर्षांचा होता, अजून दहाच वर्षांचा आहे. त्याचा आवाज ताईचा. खरं म्हणजे माझा. लहानपणी ती मला चिडवायला माझी नक्कल करायची. बोलण्याआधी गिळलेला तो घोट, वाक्याच्या शेवटी वर चढणारा सूर. माझ्या शर्टाची बटणं कायम वरखाली लागलेली, म्हणून मी बटण. आवाजाच्या चाचणीला ती आली आणि सरळ मलाच उतरवलं. निर्माता खुर्चीतून उठून म्हणाला, 'हाच!' मी शेजारीच बसलेलो.

माझा आवाज केव्हाच फुटला. दहा वर्षांचा मी उरलोय तो तिच्या घशात.

डॉक्टर म्हणतात, या महिन्यात. निर्माता म्हणतो, तिसरी गोष्ट हातात पडली की दोन दिवसांत तिचं सगळं रेकॉर्डिंग उरकू. म्हणजे मी लिहीन तेव्हा.

९ मार्च

काही लिहिलं नाही.

१० मार्च

सुचलं. दाराचा सिनेमा!

खरं नाव कुणाच्या लक्षात नाही, आम्ही दोघं त्याला दाराचा सिनेमाच म्हणायचो. काळापांढरा. नवरा समुद्रावर बुडालेला, बायको घरात एकटी, आणि संध्याकाळी दार वाजतं. आमचे बाबा थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. आई गेल्यावर शाळा सुटली की आम्ही तिथेच. ती खोली आतून सगळी काळी रंगवलेली, भिंतीत वीतभर चौकोन, त्यातून पडदा दिसायचा. मशीनचा खडखडाट एवढा, की एक शब्द ऐकू यायचा नाही. मग ताई सगळ्यांचे आवाज करायची. नायक, खलनायक, घोडे, पाऊस. ती म्हणेल ते खरं. बाबा रीळ बदलता बदलता हसायचे. पुढे मोठेपणी त्यातले काही सिनेमे आवाजासकट पाहिले. अगदीच मिळमिळीत!

दाराच्या सिनेमातलं एकच वाक्य मला पाठ आहे. दार वाजतं, आणि बुडालेला नवरा बाहेरून म्हणतो—

'दार उघडू नकोस. मीच आहे.'

अजून अंगावर काटा येतो.

आमच्याकडे बाहेर बटण असणार. शाळेतून यायला उशीर झाला, वाटेत मेला, तरी घरी आलाय. तो हे वाक्य म्हणतो, आणि आतून आई ओरडते, 'किल्ली घेऊन जायला काय होतं तुला?'

१३ मार्च

गोष्ट काल संध्याकाळीच पुरी झाली. दिली नाही.

आज सांगितलं, शेवट जमत नाहीये. निर्माता म्हणाला, 'तुम्ही? आणि उशीर?' त्याला खरंच काळजी वाटली. इतक्या वर्षांत एक पान उशिरा दिलेलं नाही मी. ताप असताना दिलं, घटस्फोटाच्या दिवशी दिलं. कागद बॅगेत आहेत. द्यायचे म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

१४ मार्च

चष्मेवालीनं सुचवलं, बटणाला खरंच मारू या. भुतांतला पहिला न परतणारा! कल्पना चांगलीच आहे. मीही तिच्या वयाचा असतो तर हेच म्हटलं असतं.

ताईला फोनवर सांगितलं. खवळली. 'त्याला कशाला मारताय रे? घसा माझा गेलाय, त्याचा नाही. दुसरी कुणीतरी बघा, पोरगं चालू राहू दे.' मग खोकत बसली. बराच वेळ.

१५ मार्च

भाची ऑफिसात आली. उभ्याउभ्याच बोलली.

'मामा, गोष्ट झालीये ना?'

मी म्हटलं, थोडं राहिलंय.

'खोटं बोलू नकोस. तुझं तोंड दिसतंय. आई तुझ्या कागदांसाठी थांबलीये आणि तू तिच्या आवाजासाठी थांबलायस. डॉक्टरांनी कालच्या तपासणीत काय सांगितलं माहितीये? गाठ वाढलीये.'

मला कुणी सांगितलं नव्हतं.

'मला आई हवीये,' ती म्हणाली. 'मुकी चालेल.'

बॅग उघडली. तिच्यासमोरच निर्मात्याच्या टेबलावर कागद ठेवून आलो.

१७ मार्च

नवीन घोळ. वाहिनीच्या वकीलबाईंचा फोन. भुतांच्या प्रत्येक भागाला त्यांचा तक्ता असतो: कोणत्या सिनेमाचं विडंबन, काय घेतलं, किती घेतलं. टर उडवायला हरकत नाही. वाक्य जसंच्या तसं उचललं तर परवानगी लागते. बाई काटेकोर आहेत. दाराचा सिनेमा त्यांनी कुठून तरी शोधून काढला, दोनदा पाहिला.

'अहो, हे वाक्य त्यात नाहीच.'

मी म्हटलं, नीट ऐका. दाराच्या प्रसंगात, बाहेरून.

'त्या प्रसंगात नवरा बोलतच नाही. नुसतं दार वाजवतो. तीनदा. तुम्ही दुसराच सिनेमा धरून बसलाय.'

वाक्य कुठलं ते कळेपर्यंत तिसऱ्या गोष्टीचं रेकॉर्डिंग बंद. ताईच्या रेकॉर्डिंगची तारीख तीन दिवसांवर!

१८ मार्च

बाईंनी सिनेमा पाठवला. संकलनाच्या खोलीत एकट्यानं पाहिला.

बाई बरोबर आहेत. बायको दिवा घेऊन येते. दार वाजतं. ती थांबते. पुन्हा वाजतं. कुणी बोलत नाही. मी तो तुकडा मागे नेऊन नेऊन पाहिला, जणू मी बघत राहिलो तर तो बोलेल.

मग डोक्यात प्रकाश पडला आणि एकटाच हसलो. खडखडाट! आम्हाला तिथे काही ऐकूच यायचं नाही. म्हणजे ते वाक्य ताईचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भीतीदायक वाक्य चौदा वर्षांच्या मुलीनं फ्रॉकच्या खिशातले शेंगदाणे खाता खाता रचलेलं. आणि मी जन्मभर लोकांना सांगत आलो, जुन्या लोकांना संवाद लिहिता यायचे!

ताबडतोब फोन केला. 'ताई, दाराचं वाक्य तुझं आहे!'

ती खोकली.

'ताई?'

'असेल.'

'असेल काय? कसं सुचलं तुला?'

'काढून टाक ते,' म्हणाली. मग, 'नको. राहू दे. वकीलबाईला सांग, कुठल्या सिनेमातलं नाही म्हणून. परवा येते मी.'

मला वाटलं होतं, खूश होईल. दमली असेल.

बाईंच्या तक्त्यात 'मूळ संदर्भ' या रकान्यात लिहिलं: माझी ताई. बाईंनी मंजूर केलं.

१९ मार्च

काही काम नव्हतं. बाबांची आठवण येत राहिली. दाराच्या सिनेमामुळे असेल.

ते पुष्कळदा सकाळीच घरी यायचे. शेवटचा खेळ लांबला की थिएटरातच झोपायचे, ताई सांगायची. मी उठायचो तेव्हा ते दारातून आत येत असायचे, हातात पाव, शर्टाची पाठ चुन्यानं पांढरी. ताई ओल्या फडक्यानं झटकायची. फार प्रेमळ माणूस. कधी आवाज चढवला नाही माझ्यावर.

२० मार्च

रेकॉर्डिंग.

ताई गळ्याला मफलर बांधून आली. रेकॉर्डिस्टनं तिच्या माइकपाशी फूल ठेवलं होतं. 'मयताला आलास का?' म्हणून तिनं ते त्याच्याच खिशाला खोचलं. वॉशिंग मशीन, टाकीतला प्राणी, भराभर. मध्ये मध्ये कोमट पाणी. आवाज फाटत होता, पण बटण होता. तो घोट, तो चढता सूर. काचेपलीकडे चष्मेवाली रडत होती आणि हसत होती.

मग दार.

ताई म्हणाली, 'दाराआडून पाहिजे.' रेकॉर्डिस्ट म्हणाला, मी नंतर तसं करून देतो. 'नको.' उठून बाहेर गेली. त्यानं माइक आतून दाराशी लावला. आम्ही सगळे दाराकडे तोंड करून बसलो.

आलं ते वाक्य बटणाचं नव्हतं. खाली, जड, पुरुषाचं. प्रत्येक शब्द ठेचकाळत, आणि तरी सांभाळून, आत कुणी जागं होऊ नये असं.

'दार उघडू नकोस. मीच आहे.'

रेकॉर्डिस्टनं कानावरचे हेडफोन काढले.

दिग्दर्शक आत बोलवून म्हणाला, 'ताई, छान, पण मूल पाहिजे. आणि जरा भुतासारखं, घाबरवणारं.'

'भूत कशाला घाबरवेल?' ताई म्हणाली. 'दमलेलं असतं ते.'

परत बाहेर गेली. या वेळी बटणाच्या आवाजात, पण तसंच दमलेलं. एकच टेक. माझंच ते दहा वर्षांचं नरडं, पण इतकं दमलेलं मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

दिग्दर्शकानं 'आणखी एक' म्हटलं नाही. किल्लीचा विनोद आता चालेल की नाही, कुणास ठाऊक.

जाताना लिफ्टमध्ये विचारलं, पहिल्यांदा कुणाचा आवाज काढलास?

'भुताचा.'

२२ मार्च

ताईला दाखल केलं. उद्या सकाळी.

निर्मात्यानं तीन मुलींच्या चाचण्या पाठवल्यात. बटणाची नक्कल करणाऱ्या ताईची नक्कल. एक बरी आहे. ताईनं कानाला लावून ऐकली आणि अंगठा वर केला. आता जपून बोलते, साठवल्यासारखी. भाचीशी मात्र तासभर बोलली, दार लावून. मी बाहेर बाकावर होतो.

२३ मार्च

झालं ऑपरेशन. ती बरी आहे. गळ्यावर पट्टी. डोळ्यांनी ओळखलं मला.

आत नेण्याआधी मला वाकवून जवळ घेतलं होतं. म्हणाली, 'बाबा थिएटरात नाही रे झोपायचे. पिऊन आले की जिन्यात. तू दचकशील, त्यांना बघशील, म्हणून. दाराशी येऊन ते वाक्य तेवढं म्हणायचे, मग खाली बसायचे भिंतीला टेकून. मी कडीला हात लावून उभी असायची. एकदा तू झोपेतच विचारलंस, कोण बोललं?'

आणि मग माझ्या थोरल्या बहिणीच्या, चौदा वर्षांच्या आवाजात:

'सिनेमातलं आहे, बटण. झोप.'