वंशावळीतली तारांकित चौकट

ती. काकूंना,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला असता तर तुम्ही "पुरे गं, फरशी गार आहे" म्हणाला असता, म्हणून कागदावरच.) गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? इकडे सगळे ठीक आहे, म्हणजे माझ्या हातून जेवढे राहू शकते तेवढे.

तुम्ही घराण्याची वंशावळ त्या वेबसाइटवर मांडलीत आणि चुका काढायचे काम माझ्यावर सोपवलेत. मी ते मन लावून केले, तिथेच घोटाळा झाला. आत्याचे जन्मवर्ष सुधारले. (खरे वर्ष तेच आहे, तुम्हालाही ठाऊक आहे.) एवढ्याशा दुरुस्तीची ईमेल सत्तावीस नातेवाइकांना आपोआप जाते, हे मला कुठे माहीत! आत्याचा फोन आला, "तीन वर्षं वाढवलीस ती वाढवलीस, वर दवंडी कशाला पिटलीस?" घाबरून मी वर्षच पुसले. पुन्हा सत्तावीस ईमेल, पुन्हा फोन, "आता मी जन्मलेच नाही का?"

मग सेटिंगमध्ये जाऊन सूचनांची अकराच्या अकरा बटणे बंद केली. त्यावर वेबसाइटने सगळ्यांना कळवले की यापुढे मला त्यांची कोणतीही माहिती नको आहे. दादा म्हणाला, "लोक माणसाला वाळीत टाकतात. तू एकटीने अख्खं घराणं टाकलंस!" मी प्रत्येकाची वेगळी माफी मागितली आणि बटणे पुन्हा चालू केली. ती बटणे मला येणाऱ्या ईमेलची होती म्हणे; इतरांना जाणाऱ्या सूचनांचा लगाम वंशावळीच्या प्रमुखांकडे, म्हणजे तुमच्याकडे. आता सगळ्या सूचना दर रविवारी एकाच ईमेलमध्ये जातील अशी सोय तुम्ही केलीत, फार बरे झाले.

तुमची आज्ञाधारक पुतणी

ता. क. या रविवारची ईमेल कृपा करून थांबवा. माझ्या नावाशेजारी 'जोडीदार' अशी चौकट होती. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांचे नाव तिथे कसे दिसते, एवढेच पाहायचे होते. (महिन्यात चार वेळा चष्म्याचा स्क्रू सैल झाला. तो मीच सैल करत होते.) खाली ईमेल पत्त्याची चौकट, तिच्यावर तारा. तारा असलेली चौकट रिकामी सोडायची नाही आणि खोटे लिहायचे नाही, हे बाबांनीच शिकवले. मी पावतीवरचा त्यांचा पत्ता लिहिला. नाव आपोआप जतन झाले. आईबाबांना काही माहीत नाही. चष्मेवाल्यांनाही नाही.

ता. क. दुसरा. आत्ताच ईमेल आली. जोडीदाराची संमती मागणारे पत्र वेबसाइटने त्यांना परस्पर धाडले होते. त्यांनी 'मान्य' दाबले आहे. शेऱ्यात लिहिले आहे, "माझी हरकत नाही. तरी एकदा समोरासमोर विचारलेत तर बरे. दुकान सातपर्यंत उघडे असते."

तेव्हा रविवारची ईमेल जाऊ द्या. फक्त त्याआधी आईबाबांना तुमच्या तोंडून कळू दे. पावणेसात झालेत. पत्र पुन्हा वाचून चुका काढायला वेळ नाही.