वाफेत न दिसलेला आकडा

अप्पा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि आज दुपारी ऑफिसात बसल्या-बसल्या मला भालकीजवळचं ते गुऱ्हाळ आठवतंय. तुम्ही गुळव्या. रस किती आटवायचा, काहील कधी उतरवायची, सगळं तुमच्या शब्दावर चालायचं. उकळता पाक थंड पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. टण्ण वाजली की तुम्ही म्हणणार, "उतरवा." आणि क्वचित पाक जास्त आटून पुढं गेलाच, तर मालकासमोर सरळ सांगणार, "माजा कान चुकला." मला त्या कानाचा हेवा वाटतो, आणि त्या सांगण्याचा जास्त.

मी, तुमची लेक, तेव्हा बी.एस्सी.ला होते. सुट्टीत कॉलेजचा थर्मामीटर घेऊन आले, तर मालक हसला, "अप्पा, काहिलीला ताप आलाय व्हय?" तुम्ही मात्र मला शेजारी जागा दिलीत. काठीला बांधलेला थर्मामीटर मी पाकात धरतेय, चष्म्यावर वाफ, काही म्हणजे काही दिसत नाही. तुम्ही "उतरवा" म्हणालात आणि पुस्तकात वाचलेला आकडा मी झटकन वहीत लिहिला. एवढ्या धांदलीतही तुमचं लक्ष होतं. "दिसलं न्हाई तर कामून लिवायलीस? न्हाई दिसलं म्हनायला काय जातंय गं?" सगळ्यांसमोर! मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

पुढे मी जे शिकले ते तुमच्याच कामाच्या जवळचं निघालं. काही ताऱ्यांचा वरचा थर जोडीचा तारा ओढून नेतो आणि मागे हलका, हळूहळू निवत जाणारा गोळा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. त्यातले काही थरथरतात, त्यांचा उजेड ठरावीक वेळाने कमी-जास्त होतो. मी संगणकात तसाच तारा जन्मापासून म्हातारा करत नेते, वरचा हायड्रोजनचा थर जाड-पातळ करून बघते, आणि कुठली थरथर खऱ्या ताऱ्याशी जुळते ते शोधते. बाहेरून ऐकून आतलं ओळखायचं. तुम्ही ते रोज करत होतात, आणि वर पागोट्यानं घाम पुसून चहा मागत होतात.

एका ताऱ्याच्या पाच थरथरींपैकी चार माझ्या गणितात सुंदर बसल्या. पाचवी बसेना. ती दुर्बिणीचीच काहीतरी गडबड असणार, असं स्वतःला सांगून मी ती गाळली. तपासलं नाही. लेख छापून आला, लोकांनी वाखाणला. काल त्याच ताऱ्याची नवी निरीक्षणं आली. पाचवी आहे, चांगली ठणठणीत आहे. माझा थर चुकलाय.

तुम्ही एवढंच विचारलं असतंत, दिसलं होतं का? दिसलं होतं, अप्पा. तेव्हा न दिसलेलं लिहिलं होतं, या वेळी दिसलेलं लिहिलं नाही.

हे तुम्हाला लिहायला सोपं गेलं, कारण ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही. संपादकांना लिहायचं पत्र सकाळपासून समोर उघडं आहे. त्यात अजून फक्त 'महोदय' एवढंच आहे.