दादाने बसवलेली रिंग

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. इथे सगळं ठीक. माझा घसा बसलाय, पण तो दर मोसमात बसतो, ते मनावर घेऊ नकोस. फोनच केला असता, पण फोनवर तू मला हसवतोस आणि बोलायचं ते राहून जातं. दोनदा तसंच झालं. तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती काही केल्या जिभेवर येत नाही, म्हणून पत्र.

आधी माझ्या बास्केटबॉलच्या पोरींचं सांगते. परवा आम्ही पुन्हा हरलो. ओळीनं पाचवी मॅच. पोरी वाईट खेळत नाहीत रे. धावतात, पास देतात, जिवाच्या आकांतानं अडवतात. फक्त चेंडू रिंगमध्ये जात नाही, पुढच्या कडेवर आपटून परत येतो. आपल्या शाळेच्या मैदानावर मात्र डोळे मिटून टाकला तरी जातो. 'परक्या मैदानात हातपाय गळतात तुमचे,' म्हणून मी त्यांना नाही नाही ते बोलले. या रविवारी हरलो तर स्पर्धेतून बाहेर. हेडबाई तर टपूनच बसल्यात, आमच्या मैदानाच्या जागेत त्यांना सायकल स्टँड हवाय.

परवा हरल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बुटांच्या नाड्या सोडायलाही कोणी वाकेना. शेवटी आमची कॅप्टन, जिला सगळ्या बांबू म्हणतात, भिंतीकडे बघत म्हणाली, "मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"आपली रिंग खाली आहे."

"कोण म्हणतं?"

"सगळ्याच. पिटुकलीनं माझ्या खांद्यावर उभं राहून टेप लावला. चार बोटं खाली आहे. आणि उजवीकडे कललीय."

"कधी लावला टेप?"

"झाले पंधरा दिवस."

"मग इतके दिवस मूग गिळून का बसलात?"

यावर पिटुकली, आमची सगळ्यात लहान पोर, रडवेली झाली. "तुमच्या दादांनी बसवलीय ना. सुट्टीच्या दिवशी येऊन, उन्हात. आम्हाला गोळ्यापण दिल्या. त्यांना कसं सांगायचं?"

दादा, या कार्ट्या दोन मॅच नुसत्या भिडेखातर हरल्या. मला आधी हसू आलं. मग एकदम रडायलाच आलं, आणि त्यांना वाटलं मॅडम हरल्याचं रडताहेत. खरं कारण वेगळंच होतं. रिंग कललेली मलाही दिसली होती, तू शिडीवरून उतरलास तेव्हाच. दादाची नजर चुकणार नाही, माझंच काहीतरी, असं म्हणून मी ते झटकून टाकलं.

कालपासून सरावाचा नूरच पालटलाय. पोरी एकमेकींना तोंडावर सांगतात, तुझं कोपर बाहेर जातं, तू दमलीस की पास देत नाहीस. पिटुकली तर मलाच म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओरडायला लागलात की आम्हाला काही ऐकूच येत नाही." आधीही त्या एकमेकींना सांभाळून घ्यायच्या, मला त्याचं कौतुक वाटायचं. पण ते सांभाळणं नव्हतंच, नुसतं गप्प बसणं होतं. रविवारी जिंकतील की नाही देव जाणे. संघ मात्र आता झालाय.

रिंग मी काल दुसऱ्या वेल्डरकडून वर घेतली. तुला न विचारता. खूप वाईट वाटलं.

आता तेच, जे जिभेवर येत नाही. तू स्कूटरवरून जाता जाता म्हणायचास, हे फाटक एक सूत बाहेर आहे, आणि लोक टेप लावून बघायचे तर खरंच तेवढंच असायचं. तोच तू त्या दिवशी दोन पावलं मागे सरून म्हणालास, "बघ, कशी सरळ." मी तुझ्याकडे बघत होते. तू रिंगकडे सरळ बघत नव्हतास, मान वाकडी करून तिच्या कडेनं बघत होतास. नंतर चहा कपाबाहेर ओतलास आणि म्हणालास, कपच सरकला. आम्ही सगळे हसलो. वहिनी हसली नाही.

सोमवारपासून चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या जाळ्या बसवायचं काम तू घेतलंयस, हे तिनेच सांगितलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मॅचसुद्धा नाही. तुला कशाची धास्ती आहे ते मला कळतं. डॉक्टर म्हणतील, काम बंद. मलाही तीच भीती आहे, पण त्याहून मोठी भीती त्या चौथ्या मजल्याची आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. रविवारी आमचं काहीही होवो, सोमवारी मी तुझ्या दारात असेन.

हे पत्र मुद्दाम नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलंय. तू स्वतः वाचत असशील तर मी मूर्ख ठरले, फोन उचल आणि हवं ते बोल. पण मला वाटतं, चष्मा सापडत नाही असं सांगून तू हे वहिनीच्या हातात दिलं आहेस.

वहिनी, इथे थांबू नकोस, हेही मोठ्यानं वाच. दादा, आम्हा दोघींना माहीत आहे. मी येईपर्यंत शिडी चढू नकोस.

तुझी धाकटी