व्याह्यांच्या हातचा घण

धारूरचा घाट, एप्रिल १९७३

साडूभाऊ सुंदरराव यांना, रस्त्याकडेच्या दगडावर बसून मोहनरावाचा रामराम. वत्सलाबाईंचे गुडघे आता कसे आहेत? माझी तब्येत सरकारने हाती घेतली आहे. सुटलेलं पोट घण मारूनच आत गेलं.

आता गावच्या सोसायटीचा चेअरमन गावातच दुष्काळी कामावर खडी कशी फोडणार? (सोसायटीत सध्या खुर्ची तेवढी शिल्लक आहे.) म्हणून तोंडाला उपरणं गुंडाळून इतक्या लांब आलो. मिस्त्रीने ज्या टोळीत बसवलं तिथे आणखी एक उपरणं होतं. दुपारी भाकरी खायला दोन्ही सुटली, तर समोर आमच्या सत्यभामेचे सासरे, नांदूरघाटचे त्रिंबकराव! "काम बघाया आलतो," म्हणाले. मीही बघायलाच आलो होतो. दोघांच्याही तळहाताला फोड होते.

मी पडलो मुलीकडचा. व्याह्यांनी घण उचलला की मी हातातून काढून घेतो, ते परत घेतात. त्यांनी पाटीला हात लावला की मी धावतो. ते उभे असले की मला बसवत नाही, आणि मी उभा म्हणून ते बसत नाहीत. मजुरी टोळीच्या मापावर, त्यामुळे टोळीतली बायडाबाई करवादली, "लगीन लावाया आलाव का खडी फोडाया?" मग मिस्त्रीने येऊन आमचा ढीग बुटाने उडवला. "सरकार फुकट पोसत न्हाई, बे!" हे व्याह्यांना. ते खाली मान घालून उभे राहिले. मला फार लागलं, साडूभाऊ. सरकारने काम दिलं, मजुरी दिली, खायला सुकडीसुद्धा दिली. माणसाशी बोलावं कसं, तेवढं हुकमात घालायचं राहिलं असावं.

आपला,
मोहनराव

ता. क. : तुम्ही बीडच्या कचेरीत आहात म्हणून लिहितो. सत्यभामा चोरून पाझर तलावावर माती वाहते. सासऱ्यांना वाटतं सून घरात आहे. तिला वाटतं सासरे कोर्टाच्या कामाने बीडला आहेत. तलावावरचे मजूर सोमवारी इकडे आणणार म्हणतात. सासरा-सून समोरासमोर आले, तर दोघांनाही एका घरात राहणं अवघड होईल. काहीही करून हे थांबवा.

पुन्हा ता. क. : पत्र टाकायला निघालो तर व्याह्यांनी बाजूला घेतलं. "सूनबाई तळ्यावर जाती, मला म्हाईत हाय. तिला कळू देऊ नका. तिकडं सावलीला झाड न्हाई, हितं लिंब हाय." तेव्हा थांबवू नका, तिला येऊ द्या. पलीकडच्या वळणावरचं काम आम्ही दोघांनी मागून घेतलं आहे. तिथे कुणी जात नाही, सावली नाही म्हणून.