थंडी अजून गेलेली नाही

११ फेब्रुवारी

लेकीने आज विचारलंच! — बाबा, स्वेटर-शाली धुऊन माळ्यावर टाकायच्या का, उकडायला लागलंय. मी कप खाली ठेवला. म्हणालो, घाई नको, थंडीची एक लाट यायची आहे अजून.

कसली लाट अन् कसलं काय! आभाळ निरभ्र, वारा पडलेला, सकाळी वाळत घातलेले टॉवेल चहा होईस्तोवर कडकडीत. पण बोलून बसलो.

दोष माझ्या जिभेचा, तिला हाडच नाही. नोव्हेंबरात बॅग घेऊन या दारात उभा राहिलो तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. मीच आपला म्हणालो, थंडीपुरता आलोय हं, लोकरीचे कपडे माळ्यावर गेले की मीही माझ्या घरी! लेकीकडे येऊन राहिलेला बाप — निघायचं कधी ते आपणच सांगून टाकावं, म्हणजे कोणाला संकोच नको. जावई हसले आणि म्हणाले, बरं. झालं! आता या घरातले स्वेटर ज्या दिवशी वर जायचे, त्या दिवशी मी जायचा.

आणि मला जायचं नाही. इथे लिहायला काय हरकत आहे.

१२ फेब्रुवारी

सगळी नोकरी वेधशाळेत गेली. खरे अंदाज दिले, तेव्हा लोकांनी छत्र्या घरी ठेवल्या आणि भिजून आल्यावर शिव्या मला घातल्या. बायकोसुद्धा कपडे वाळत घालण्याआधी माझ्याकडे नाही, शेजारणीकडे चौकशी करायची. काल जन्मात पहिल्यांदा धडधडीत खोटा अंदाज दिला — तर आज जावई स्वेटर चढवून दुकानात गेले आणि नातीच्या डोक्यावर कानटोपी!

ती असती तर पोट धरून हसली असती.

१५ फेब्रुवारी

या घरातलं धुणं माझ्याकडे आहे. कोणी दिलं नाही, मी घेतलं. लेक दिवसभर लॅबमध्ये, जावई चष्म्याच्या दुकानात, नात बालवाडीत. आलो त्या आठवड्यात बघतो तर मशीनमध्ये जीन्स, मोजे आणि लोकरीचा स्वेटर एकत्र गरगरतायत, तेही गरम पाण्यात! स्वेटर बाहेर आला तो नातीच्या अस्वलाला बरोबर बसला. अजून तेच अस्वल घालतं.

त्या दिवसापासून मी मशीनचा ताबा घेतला. थंडीचे नियम वेगळे. ऊन तिरपं आणि थोडं, तेव्हा जाड कपडा दोरीच्या टोकाला, जिथे ऊन आधी येतं. लोकर हाताने, गार पाण्यात. पिळायची नाही — टॉवेलमध्ये गुंडाळून वर बसायचं! हे काम नात आवडीने करते. मग सावलीत आडवी पसरायची. टांगली की बाह्या गुडघ्यापर्यंत.

आणि जावयांचा मफलर! उघडला तर चाळण. कसर लागलेली. पावसाळ्यात कुठल्याशा सहलीसाठी मधेच पेटी उघडली होती म्हणे. तेव्हा मी कायदाच केला — लोकर लवंगा घालून एकदा बंद केली की पुढच्या थंडीपर्यंत उघडायची नाही. कोणी मेलं तरी! लेक म्हणाली, हे सगळ्यांना लागू का? म्हटलं, सगळ्यांना. मलासुद्धा.

१९ फेब्रुवारी

लाट आलेली नाही. मी म्हणालो, रेंगाळली आहे.

जावई बिचारे स्वेटरमध्ये जातात आणि भिजून येतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा बसवायला वाकले की घाम टपकतो, असं लेकीला सांगत होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत. सज्जन माणूस. सज्जन माणसाला फसवताना फार त्रास होतो.

त्यात घामेजलेला स्वेटर तसाच ठेवता येत नाही, वास धरतो. म्हणजे रोज संध्याकाळी हाताने धुणं आलं. कंबर मोडली. खोटं मी बोललो, धुतोयही मीच.

२१ फेब्रुवारी

आज इस्त्रीवाला जिन्यातच थांबला. सगळ्या घरांतून सुती निघालं, मलमल निघाली, तुमच्याकडूनच गरम पँटी येतायत, घरात कोणी आजारी आहे का? — असं, भर जिन्यात, लेकीसमोर! मी म्हणालो, अंदाज आहे. त्याने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग गठ्ठा उचलून वरच्या मजल्यावर गेला. लेक चपला काढत होती. बराच वेळ काढत होती.

२३ फेब्रुवारी

पुराव्याशिवाय आता भागणार नाही. म्हणून गॅलरीतला तापमापक हलवला. माझाच आहे, निवृत्तीला सहकाऱ्यांनी दिलेला. ओल्या चादरींच्या मधोमध टांगला, वारा लागेल असा, आणि त्याच्या खालच्या टोकाला एक ओला मोजा घातला. पाणी उडून जाताना गारवा देतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पारा झरझर खाली! जावयांना बोलावून दाखवला. ते बघत राहिले. म्हणाले, कमाल आहे, मला तर उकडतंय. म्हटलं, शरीर फसवतं, पारा फसवत नाही.

संध्याकाळी लेक दोरीवरचे कपडे काढायला गेली. लहानपणी माझं बोट धरून वेधशाळेत यायची, तिथे ओल्या चिंधीचा तापमापक आणि कोरडा तापमापक शेजारी शेजारी असत. दोघांत फरक का, हे तिला मीच समजावलं होतं. हे मला आज, ती गॅलरीत उभी असताना आठवलं!

आत आली. मोजा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाबा, याचा जोडीदार कुठे आहे?" बस्, एवढंच.

२६ फेब्रुवारी

आज पंखा लावला. मी म्हणालो, हवा खेळती राहावी म्हणून.

२८ फेब्रुवारी

नातीच्या मानेवर घामोळं आलंय. कानटोपीच्या कडेखाली, लालभडक, चोळून चोळून सोललेलं. मी विचारलं, टोपी काढून का नाही टाकलीस गं? म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगितलं ना लाट येणार आहे."

मला माझीच लाज वाटली. चार दिवस जास्त राहायला मिळावेत म्हणून या चिमुरडीला उकडून काढलं! तिच्या मानेला गार पाण्याचं फडकं लावलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं — थंडी संपली! जावई स्वयंपाकघरात होते. त्यांनी तिथल्या तिथे स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. इतक्या घाईने, की चष्मा आतच राहिला.

१ मार्च

मोठं धुणं. बादल्या, टब, सगळी गॅलरी. स्वेटर आधी उलटे केले, मग भिजवले. शाली अलगद दाबून काढल्या. जावई बाह्या सरसावून मदतीला आले आणि पहिलाच स्वेटर पिळायला निघाले. हातावर चापट मारली! नात टॉवेलांच्या गुंडाळ्यांवर बसून बसून पूर्ण भिजली. अस्वलाचा स्वेटरही धुतला. नातीच्या घामोळ्याचा रंग उतरतोय.

फार मजा आली. म्हणून धुऊन झालेली एक शाल पुन्हा धुतली.

दुपारी सगळं सावलीत आडवं पसरून झाल्यावर म्हणालो, मग मी रविवारी निघतो. कोणीतरी काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं. लेक चिमटे गोळा करत होती. म्हणाली, बरं.

बरं! बापाला एवढंच? पण बोलणार कोणत्या तोंडाने. ओला मोजा तिने पाहिलाय.

३ मार्च

कपडे सुकले. आवरायचं काम लेक म्हणाली मी करते. लवंगा मात्र माझ्याकडून मागून घेतल्या.

माझ्या घराचा विचार करतोय. तिथे धुणं असतं केवढं! एक शर्ट, एक पायजमा, एक टॉवेल. बादली अर्धी रिकामी. मशीन तर दहा दिवसांचं साठवलं तरी भरत नाही. दोरी मात्र लांबलचक, बायकोच्या हातची बांधलेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिच्यावर माझा एकटा शर्ट हलत असतो. शेजारच्यांना वाटत असेल, माणूस उभा आहे.

उद्या सकाळी बॅग भरायची.

४ मार्च

बॅग सापडेना. पलंगाखाली नाही, कपाटावर नाही. जावयांना विचारलं, तर ते बोटाने वर दाखवून चष्मा पुसत बसले. माळ्यावर! स्टुलावर चढून ओढली तर हलेना. लेक खाली उभी. म्हणाली, जुन्या पेटीच्या कोपऱ्यात कसर दिसली, म्हणून घरातली सगळी लोकर तुझ्या बॅगेत भरली. यांचे स्वेटर, माझ्या शाली, कानटोपी, अस्वलाचं, तुझंही. लवंगा घालून.

मी म्हणालो, अगं पण मग मी जाऊ कसा?

"पुढच्या थंडीपर्यंत उघडायची नाही, बाबा. कोणी मेलं तरी. सगळ्यांना लागू."

कायदा माझाच. स्टुलावरून उतरायला थोडा वेळ लागला, डोळ्यांना नीट दिसेना.

उद्या पडदे भिजवायचे आहेत.