रिकामा मिक्सर

गडब, मंगळवार संध्याकाळ

डोळे चुरचुरतायत, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. तो मिक्सर डोक्यातून जातच नाही.

भावजी डोलवीच्या कंपनीत रात्रपाळीला, मी पेणच्या हॉस्पिटलात नर्स, मीही रात्रपाळीलाच. सकाळी दोघं पाठोपाठ घरी आलो. ते झोपले. लगेच टीव्ही बंद, मिक्सर बंद. मी आडवी होते न होते तोच सासूबाई दारात. कुजबुजत म्हणाल्या, "गो, तू घरीच हायेस ना, जरा गच्चीवर पापडांकडं बघ, कावळे येतात. नि मग चटणी पाट्यावर वाट, मिक्सर नको लावू. तो रात्रभर जागलाय."

आणि मी? मी काय वॉर्डात पाय पसरून घोरत होते?

गेले तरी. का गेले? दुपारपर्यंत उन्हात कावळे हाकलले. खाली आले तर पाटा धुऊन ठेवलेला. मग मिक्सरच ओढला आणि चालू केला. भांड्यात काहीच नव्हतं. तरी चालवला.

सासूबाई धावत आल्या. "अगो, जागा होईल ना तो!"

"होऊ दे. मी कालपासून जागीच हाय."