उशाशी सफरचंद

७ जुलै, सोमवार

— कागद आत्याच्या हातातून परत घेतले. ती ते पाकिटात घालतच होती. माझी गुणपत्रिका, माझा दाखला. पाकिटावर नाव टेकडीवरच्या कॉलेजचं.

"मी अजून ठरवलं नाही," म्हटलं.

"ठरवायचं काय त्यात? नर्सच व्हायचंय ना? टेकडीवर नीट करतात."

दोन जागा मिळाल्यात. एक टेकडीवरच्या नव्या कॉलेजात, जिथे त्यांचंच हॉस्पिटल आहे. दुसरी शहरातल्या जुन्या सरकारी हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत. मूळ कागद जिथे देईन तिथली मी, चार वर्षं. दोन्हीकडे शेवटचा दिवस एकच – पुढचा बुधवार.

आत्या म्हणते, टेकडीवरच्या वॉर्डात दुपारी छान वारा येतो. तिला कसं माहीत? "लोक सांगतात."

कोण लोक? आई गेल्यापासून आत्या घर बघते, आणि उरलेला दिवस बाबांबरोबर खालच्या इस्त्रीच्या दुकानात उभी असते. तिथे येणारे लोक फक्त डागांबद्दल बोलतात.

८ जुलै, मंगळवार

टेकडीवरून फोन. अॅडमिशनच्या बाई, पुन्हा. "बाळा, खूप मागणी आहे, तरी तुझी सीट धरून ठेवलीय हं मी." मला बाळा कुणीच म्हणत नाही, आत्यासुद्धा. यापुढे या बाईंना मी गोडबाई म्हणणार.

एवढी मागणी असलेली जागा माझ्यासाठी कुणी का धरून ठेवावी?

आत्या आज दुकानात नव्हती. बाबा म्हणाले, मैत्रिणीकडे गेलीय. आत्याला मैत्रीण आहे, हे आज कळलं.

१० जुलै, गुरुवार

जुन्या हॉस्पिटलला जाऊन आले. फिनेल, आणि त्याखाली फिनेलने न जाणारा वास. जिन्यात पेशंटांचे नातेवाईक झोपलेले, त्यांना ओलांडून वर जायचं.

मेट्रन हाडकुळी. मान वर न करता बोलते.

"रक्त बघून चक्कर येते?"

"माहीत नाही."

"बरं. निदान खोटं बोलत नाहीस."

वॉर्डात नेलं. एका म्हाताऱ्याच्या पायावरची चादर बाजूला केली. "घोट्याच्या वर अंगठा दाब. धरून ठेव. आता काढ. काय दिसतं?"

"खळगा."

"मग माझ्याकडे काय बघतेस? त्याच्याकडे बघ. भरतो का?"

फार सावकाश भरला. मेट्रन म्हणाली, "दिवसभर उभं राहून सुजलेला पाय आडवं झालं की बहुतेक उतरतो. हा उतरत नाही. याचं मूळ पायात नाही, छातीत आहे."

"माझ्या पायाचा यांनी फळा करून टाकलाय," म्हातारा म्हणाला.

खाली एका विद्यार्थिनीने सांगितलं, पहिल्या वर्षाच्या तिघी सोडून गेल्या. "रडून?" विचारलं. "एक रडून. दोघी न रडता."

मला हे का सांगितलं? आणि तो पाय – प्रत्येक नवीन मुलीला तोच पाय दाखवत असतील का? मेट्रनवरही माझा विश्वास नाही. फक्त अंगठ्याला अजून ते मऊपण जाणवतंय.

११ जुलै, शुक्रवार

टेकडी. पांढऱ्या भिंती. वारा खरंच येतो.

गोडबाईंनी सरबत दिलं, हात धरून वॉर्ड दाखवला. सगळे बेड भरलेले. तरी कुणी खोकत नाही, कण्हत नाही, पाणी मागत नाही. जिन्यात एकही नातेवाईक नाही. प्रत्येकाच्या उशाशी एक सफरचंद. एकाही सफरचंदाला दात लागलेला नाही.

एक जण मोबाइल बघत होता. आम्हाला बघून त्याने तो पांघरुणात घेतला.

"काय होतंय काका?" मी विचारलं.

त्याने गोडबाईंकडे पाहिलं.

"ताप आहे त्यांना," गोडबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"बाळा, हे सगळं पहिल्या वर्षाला शिकवतात."

१२ जुलै, शनिवार

आत्या परत मैत्रिणीकडे. सगळ्यात जुने कपडे घालून गेली. मैत्रिणीकडे असं कोण जातं?

संध्याकाळी आली ती ताजीतवानी. पिशवीतून एक सफरचंद काढलं, फोडी केल्या, मोठी फोड माझ्यापुढे सरकवली.

"मैत्रिणीने दिलं."

"एकच?"

"मग काय टोपली द्यायला हवी होती?"

मी खाल्लं नाही. तिला टेकडीवाल्यांनी हाताशी धरलंय. मुलगी आणून दिली की काहीतरी हातावर ठेवत असतील. माझी आत्या. मला तिनेच वाढवलं, आणि आता पोचवतेही आहे.

बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते एका शर्टाची कॉलर उलटी करून बघत राहिले. "तू बघ."

म्हणजे त्यांनाही माहीत आहे. ज्याला काही माहीत नसतं तो सल्ला देतो.

१३ जुलै, रविवार

आत्या झोपल्यावर तिच्या पिशवीत हात घातला. चष्मा, रुमाल. लाज वाटली. संशय गेला नाही.

१४ जुलै, सोमवार

गोडबाई: उद्या तपासणीला पाहुणे येणार आहेत, सगळ्या नवीन मुलींनी यायचं. पांढरा ड्रेस तिथे मिळेल. मूळ कागद घेऊनच ये.

"मी अजून तुमची विद्यार्थिनी नाही."

"उद्यापुरती हो ना, बाळा."

जाणार आहे. बघायचंच आहे.

आत्याही उद्या मैत्रिणीकडे.

१५ जुलै, मंगळवार

ड्रेस कमरेत सैल होता. मागून पिना लावल्या. कागद घ्यायला गोडबाईंना वेळ नव्हता – "नंतर, नंतर." प्रत्येकीला एकेक बेड वाटून दिला. पेशंटशेजारी उभं राहायचं, कुणी काही विचारलं तर हसायचं.

माझा बेड खिडकीजवळ. पेशंट भिंतीकडे तोंड करून, कानापर्यंत पांघरूण. हात तेवढा बाहेर. मनगटावर इस्त्रीचा जुना चटका.

"आत्या."

"हळू बोल. मी झोपलेय."

"ही तुझी मैत्रीण?"

"इथे बघायला कुणी यायचं असलं की बेड भरायला माणसं हवीत, म्हणून बस पाठवतात. जेवण देतात. दिवसभर पडायचं, कुणी ऊठ म्हणत नाही. मी कधी पडले होते गं अशी?"

"आणि मला इथे आणून दिल्याबद्दल काय देणार होते?"

ती वळली. मला वाटलं होतं नजर चुकवेल. नाही चुकवली.

"मला कोण देतंय? इथल्या मुली बघितल्यास? नुसत्या उभ्या असतात. घाण काढणं नाही, रात्रपाळी नाही. म्हटलं, आपल्या घरातली एक तरी बाई न राबता जगेल."

"अगं, पण इथे पेशंटच नाहीत. शिकणार कशावर?"

"सर्टिफिकेट तर देतात ना?" मग, "आले बघ. उभी राहा नीट. माझी लाज काढू नकोस." डोळे मिटले.

पाहुणे दारातून आत आले. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करायला घेतलं. पाय दिसला. ती सकाळपासून आडवी होती. घोट्याच्या वर अंगठा दाबला, धरून ठेवला, काढला.

खळगा तसाच राहिला.

"उभं राहून होतं ते," डोळे न उघडता आत्या पुटपुटली.

"यांना काय झालंय?" पाहुण्यांनी विचारलं.

गोडबाईंनी बेडवरची पाटी वाचली. "ताप."

"पायाला सूज आहे," मी म्हटलं. "दाबून बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "छान हवा येते इथे," म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले. गोडबाई माझ्याकडे बघून हसल्या. दात दिसले नाहीत.

खळगा अजून भरत होता. कागदांची पिशवी मी आत्याच्या उशीखाली ठेवली होती, ती काढून घेतली.

"ऊठ."

"बस संध्याकाळी आहे."

"ऊठ, आत्या."

उठताना तिने सफरचंद घेतलं. टेकडी उतरताना दोनदा दम लागून बसली. किती महिने तिला लागणारा हा दम मी इस्त्रीच्या वाफेवर ढकलत होते.

१६ जुलै, बुधवार

सकाळी आत्याला जुन्या हॉस्पिटलमध्ये नेलं. मेट्रनने तिच्या पायावर अंगठा दाबला, बघत राहिली, आणि दाखल करून घेतलं. मी खाली जाऊन नर्सिंग शाळेच्या खिडकीवर मूळ कागद दिले.